जिन्याची पाटी आणि कासलबारचं घर

मी, पद्मिनी गिरीश ठकार, वय सदुसष्ट, राहणार कासलबार, काउंटी मेयो, आयर्लंड, पूर्ण शुद्धीत आणि सकाळचा चहा झालेला असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारे एकच होते, माझे पती डॉ. गिरीश, ते जानेवारीत गेले. इंग्रजी प्रत वकिलांकडे आहे, तिच्यात माझे शेरे नाहीत.

१. बँकेतली शिल्लक मुलगा अनीश व मुलगी स्वरांगी यांना निम्मी-निम्मी. यात भांडायला काही नाही.

२. इथल्या शाळेत जर्मन शिकवताना मी भिंतीवर लावायचे तो दोन जर्मनींचा नकाशा नातीला, अनुष्काला. जुना झाला म्हणून टाकू नये. मधली रेघ कशी गेली ते तिला समजावून सांगावं.

३. दीर शिरीष यांना माझा लांब दांड्याचा झाडू. आम्ही स्टुटगार्टहून पहिल्यांदा पुण्याला आलो तेव्हा भर पंगतीत ते म्हणाले होते, डॉक्टरांची बायको परदेशात जिने झाडते. झाडत होतेच, आणि लखलखीत झाडत होते.

४. राहतं घर. इथे जरा मागचं सांगावं लागेल. स्टुटगार्टात आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी आठवड्या-आठवड्याने फिरायची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी. शनिवारी झाडून झालं की आपल्या हाताने ती शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. डॉक्टर असो की बसचा ड्रायव्हर, सुटका नाही.

एकोणनव्वद साली बर्लिनची भिंत पडली आणि पुढच्याच शनिवारी खालच्या फ्राउ हेबर्ले यांची पूर्वेकडची बहीण ड्रेस्डेनहून दारात येऊन उभी राहिली. कित्येक वर्षांची ताटातूट, पण पाटी फ्राउ हेबर्लेंच्या दारावर. बाईंनी बहिणीला पायरीवर बसवलं, म्हणाल्या, आधी जिना. चार पायऱ्या झाडल्या आणि रडायलाच लागल्या. बहिणीनं त्यांच्या हातून झाडू घेतला आणि उरलेला जिना झाडला. ही गोष्ट मुलांना तोंडपाठ आहे. आम्ही आयर्लंडला यायला निघालो तेव्हा शेजाऱ्यांनी ती पाटी मला भेट दिली.

तर घर दोघांना सामाईक, अट एकच. महिन्याआड पाळीने येऊन घर झाडावं आणि पाटी स्वतः दुसऱ्याच्या दारावर नेऊन लावावी. पोस्टाने नाही, जावयाकरवी नाही. कारण उघड आहे. कोविडमुळे ह्यांच्या अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. अनीशने ह्यांच्या हॉस्पिटलमधली मंडळी धरली आणि स्वरांगीच्या नवऱ्याला, अभिजितला, वगळलं. तेव्हापासून डब्लिनजवळच्या मेनूथची बहीण आणि डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकचा भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मध्ये अंतर तासाभराचं. मला आयुष्यात सगळं भरभरून मिळालं, तक्रार नाही. एवढं एकच जिवाला लागून आहे.

५. इडलीपात्र शेजारच्या वृंदाला द्यायचं होतं. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून ती ते परवाच घेऊन गेली.

६. मरेपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून गेल्या रविवारी पाटी अनीशच्या दारावर लावायला स्वरांगीच्या हाती दिली. तोंड वाकडं करून का होईना, घेतली. काल संध्याकाळी अनीशचा फोन आला. मराठीत बोलला, जे तो अडल्याशिवाय बोलत नाही.

"आई, स्वरांगी पाटी लावून जिन्यात बसलीये. काय करू?"

"पाटी कुणाच्या दारावर आहे?"

 त्याने फोन चालूच ठेवला. थोड्या वेळाने झाडूचा आवाज आला. मग स्वरांगीचा.

"दे इकडे."

मी हळूच फोन ठेवला. कलम चार तरीही कायम आहे.

सही: पद्मिनी गिरीश ठकार

साक्षीदार:
डॉ. वृंदा केळकर, शेजारी
ब्रेंडन गिल्मार्टिन, शेजारी (मराठी कळत नाही, पण सही ग्रँड दिसते, असं सांगून सही केली)

कासलबार, शनिवार, १९ जून २०२१