मर्सडनहून कोणी जात नाही

सोमवार, २९ मार्च १९७१

आलो एकदाचा! मर्सडन, ओहायो. वस्ती ऐंशी हजार, म्हणजे अगदीच खेडं नाही. स्टेशन तर काय सांगू! लाल विटांची इमारत, वर घड्याळ, आत साठ माणसं ऐसपैस बसतील एवढी ओकची बाकं. गाड्या मात्र दोनच उरल्यात. सकाळी दहा चाळीसला पश्चिमेला जाणारी आणि संध्याकाळी परतणारी. मी इथला नवा तिकीट एजंट. काचेची खिडकी, पितळी जाळी, खाली ओढायचं लाकडी झडप, सगळं माझं! सामान उचलणारा म्हातारा ड्यूई इथे चाळीस वर्षं आहे. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, बुडत्या बोटीवर चढणारा खलाशी आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. तोंडाने फटकळ, पण कॉफी फक्कड करतो.

नॉर्मा अजून टोलिडोला माहेरीच आहे. बरं घर मिळालं की तिला आणायची.

बुधवार, ३१ मार्च

स्ट्राउडसाहेब येऊन गेले. विभागाचे मुख्य. आल्याआल्या दार लावून घेतलं. म्हणाले, एक मेपासून प्रवासी गाड्या सरकारी महामंडळाकडे जाणार, आणि कुठल्या ठेवायच्या, कुठल्या बंद करायच्या ते आत्ता ठरतंय. आपल्या कंपनीला मालगाड्या चालवायच्यात, माणसांची कटकट नकोय. तेव्हा एप्रिलच्या प्रवाशांच्या तक्त्यात मर्सडनहून कोणी जात नाही असं दिसलं पाहिजे. मी म्हटलं, साहेब, पण लोक तर जातात की. त्यावर हसले. म्हणाले, खोटं लिहू नकोस रे बाबा, फक्त खिडकीवर तिकीट घेईल तोच मोज.

युक्ती सोपी आहे. मर्सडनच्या लोकांना शेवटच्या घटकेला धावत यायची सवय. मी साडेदहाला झडप ओढायचं. मग ते गाडीत चढून तिकीट घेणार, आणि माझ्या तक्त्यात येणार नाहीत. फोन वाजला तर वाजू द्यायचा. महिनाभर एवढं केलं की टोलिडोच्या माल कचेरीत बढती, आणि कंपनीचं घर.

मी हो म्हटलं. दोन गाड्या आज ना उद्या जाणारच होत्या. माझ्यामुळे काय होतंय?

गुरुवार, १ एप्रिल

झडप साडेदहाला ओढलं. पाच मिनिटांनी दोघी बहिणी पळत आल्या, सारख्या निळ्या टोप्या, हातात पिंजरा, पिंजऱ्यात पिवळा पक्षी. पक्ष्याने ड्यूईच्या बोटाचा असा चावा घेतला की त्याने पक्ष्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गाडीत एकूण अकरा जण चढले. तक्त्यात लिहिले चार.

शुक्रवार, २ एप्रिल

आज हॉस्टेटरबाई भेटल्या. ओपल हॉस्टेटर, वय सत्तरीच्या घरात, लोकस्ट स्ट्रीटला एकट्या राहतात. नवरा व्हर्जिल दोन तासांवरच्या सैनिकांच्या इस्पितळात, फुप्फुसं गेलेली. दर शुक्रवारी सकाळच्या गाडीने जायचं, दुपारभर त्याच्याजवळ बसायचं, संध्याकाळी परत. मोटार चालवता येत नाही, बस तर तीन वर्षांपूर्वीच बंद झाली. म्हणजे ही गाडी गेली तर नवरा असून नसल्यासारखा, असं त्या हसत हसत म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, पोरा, तुझी हाडं मोजून घेता येतील, बायको जेवायला घालत नाही का, असंही विचारून झालं.

लवकर आल्या होत्या, म्हणून त्यांना तक्त्यात घेतलं. बरं वाटलं.

मंगळवार, ६ एप्रिल

ड्यूईला सहज विचारलं, त्या पिंजरावाल्या बहिणी परतल्या का? तो म्हणाला, कुठल्या बहिणी? मी टोप्या सांगितल्या, पक्षी सांगितला. तो म्हणाला, चाळीस वर्षांत इथे पिंजरा आलेला नाही. बोटाला पट्टी होती. ही कशाची, विचारलं तर पट्टीकडे बघतच राहिला. त्याला आठवेना.

म्हातारा झालाय बिचारा.

शुक्रवार, ९ एप्रिल. गुड फ्रायडे

हे नीट लिहून ठेवायला हवं.

ईस्टरसाठी घरी जाणाऱ्यांची झुंबड. लिलीच्या कुंड्या, कडेवर पोरं. स्ट्राउडसाहेबांची तार होती, सणाचा आकडा दिसता कामा नये. मी दहा वीसलाच झडप ओढलं.

दहा पंचविसाला काचेवर टकटक झाली. हॉस्टेटरबाई. अंगठीने काच वाजवत होत्या. झडपाच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांना माझा. मी मान खाली घालून कोऱ्या कागदावर पेन फिरवत बसलो. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग झडपाखालून पत्र्याचा एक डबा आत सरकवला आणि गाडीकडे गेल्या. दालचिनी घातलेला सफरचंदाचा केक. अजून गरम होता. डब्याच्या बुडाला चिकटपट्टी, त्यावर शाईने ‘ओ. हॉस्टेटर’. इथे सगळ्या बायका असं नाव लावतात, भांडं परत यावं म्हणून. आणि परत देताना ते रिकामं द्यायचं नसतं.

गाडीत एक्केचाळीस चढले. तक्त्यात तीन.

केक मी खाल्ला. लाज वाटली, पण खाल्ला.

शुक्रवार, १६ एप्रिल

आज झडप उघडंच ठेवलं. डब्यात नॉर्माच्या आईने पाठवलेली बिस्किटं भरून ठेवली होती. दहा चाळीस झाले. गाडी आली, गेली. बाई आल्या नाहीत.

ईस्टरला गेलेल्यांपैकीही, तक्त्यातले तिघे सोडले तर, कोणी परतलेलं दिसलं नाही. अडतीस माणसं गेली आणि गावात कोणी चौकशीसुद्धा करत नाही!

शनिवार, १७ एप्रिल

लोकस्ट स्ट्रीटला गेलो. त्यांच्या घरात एक कुटुंब राहतं. बारा वर्षांपासून, म्हणाले. हॉस्टेटर? नाव ऐकलेलं नाही. शेजारी विचारलं. पोस्टमनला विचारलं. पोस्टमन म्हणाला, या गल्लीत अशी बाई कधीच नव्हती, तुम्ही नवीन दिसता.

ड्यूईला विचारायचा धीर होत नव्हता. पण विचारलं. तो म्हणाला, शुक्रवारी? शुक्रवारी इथून कोणीच जात नाही.

डब्याच्या पट्टीवरची शाई फिकट झालीय.

मंगळवार, २० एप्रिल

फोन वाजत होता. किती वेळ वाजला असेल. शेवटी उचलला.

इस्पितळातली नर्स. म्हणाली, आमच्याकडे व्हर्जिल हॉस्टेटर नावाचे पेशंट आहेत, कागदावर नातेवाईक कोणी नाही. पण दर शुक्रवारी सकाळी ते दाढी करतात, खिडकीशी दुसरी खुर्ची ओढून घेतात आणि मर्सडनची गाडी आली का म्हणून विचारत बसतात. कोण येणार आहे ते त्यांना सांगता येत नाही. नुसते रडतात. त्या गाडीने त्यांच्याकडे कोणी येत असे का, एवढंच तिला हवं होतं.

मला माहीत होतं. अख्ख्या जगात फक्त मलाच माहीत होतं.

मी म्हटलं, राँग नंबर. आणि फोन ठेवला.

का म्हटलं? टोलिडोचं घर डोळ्यांसमोर होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

गुरुवार, २२ एप्रिल

मी खून केलाय. रक्त नाही, प्रेत नाही, पण खूनच. ज्यांना तक्त्यात घेतलं नाही ते जगातूनच पुसले गेले. तक्त्यात सुधारणा करायला बसलो. नऊ एप्रिलपुढे तीन खोडून एक्केचाळीस लिहिले, खाली बाईंचं नाव लिहिलं. शाई वाळली तेव्हा पुन्हा तीनच. नाव नाही. चार वेळा लिहिलं. पेन्सिलीने लिहिलं. कोरून लिहिलं.

या वहीत मात्र राहतंय. ओपल हॉस्टेटर. ओपल हॉस्टेटर.

शुक्रवार, २३ एप्रिल

झडप काढूनच टाकलं, बिजागऱ्यांसकट. आलेल्या प्रत्येकाला तिकीट दिलं. दोघेच आले.

स्ट्राउडसाहेबांना फोन करून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, छान काम केलंस, खरा आकडा तुझ्यामुळेच कळला. बढती पक्की. आता शेवटच्या कागदात मर्सडनला एजंट दाखवायची गरज नाही, तुझं नाव काढतोय. टोलिडोला नव्याने लिहू.

काढू नका म्हणून ओरडलो. फोन ठेवला होता त्यांनी.

मंगळवार, २७ एप्रिल

ड्यूईने एकाच कपात कॉफी ओतली.

नॉर्माला फोन केला. तिनेच उचलला. हॅलो, हॅलो, कोण आहे, कोणी बोलत का नाही — मी बोलत होतो. घसा फोडून बोलत होतो.

गुरुवार, २९ एप्रिल

उद्या शेवटची गाडी. त्या गाडीने मी जायचं. व्हर्जिलच्या खुर्चीसमोर बसायचं आणि सांगायचं, तुमची बायको होती, ओपल नाव तिचं, ती केक करायची, मी तिला — ते सांगायचंच. मग तो काय करायचं ते करो.

डब्यात केक. मीच केलाय, करपलाय थोडा. भांडं रिकामं न्यायचं नाही.

पट्टी आता कोरी आहे.

शुक्रवार, ३० एप्रिल

दहा पंचवीस. फलाटावर. स्ट्राउडसाहेब स्वतः आलेत, शेवटचा आकडा घ्यायला. मी समोर उभा आहे, हाताच्या अंतरावर. ते माझ्यातून पलीकडे बघतायत. ड्यूईला म्हणाले, बघ, शेवटच्या दिवशीसुद्धा कुत्रं फिरकलं नाही.

काच वाजवली. अंगठीने. लग्नाच्या. ड्यूईने वळून पाहिलं, मग म्हणाला वारा असेल.

इस्पितळाला फोन केला. नर्सने उचलला. मी व्हर्जिलसाठी निरोप सांगत होतो, सगळा, पहिल्यापासून. ती कोणाला तरी म्हणाली, फोन मर्सडनचाच दिसतोय, पण तिकडे कोणीच नाही.

दहा अडतीस. शिट्टी ऐकू आली. साहेबांनी पेन काढलंय.

मी काही तिथवर पोचत नाही. वही डब्यात ठेवतोय, केकवर. गाडीत ठेवतो. कोणाला सापडली तर खिडकीजवळ दोन खुर्च्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला द्या. तिचं नाव ओपल हॉस्टेटर. मी तिला बघितलं होतं आणि मान खाली घातली. कोणी केलं ते त्याला कळू दे, म्हणून नवी पट्टी लावून बुडाशी माझं नाव लिहितोय. शाई राहत नाही. इथे लिहितो. माझं नाव —

साहेब लिहितायत. शून्य

माझं नाव