सहा हजार आरपीएम

३ मार्च
जुन्या गाड्यांच्या शर्यतीत नाव दिलं. यांच्या माघारी यांची गाडी मीच चालवणार. सरळ रस्त्यावर हे काटा सहा हजार आरपीएमवर न्यायचे म्हणत. मीही नेणार. भीती अजिबात नाही. हात थरथरतात ते चहामुळे. चहा बंद.

५ मार्च
मेकॅनिकने इंजिन उघडलं. म्हणाला, वहिनी, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणलेत, नवे घालू. मी म्हटलं, ते यांनी स्वतःच्या हाताने आवळलेत, तेच राहतील. मग तीन हजारांवर जाऊ नका, म्हणाला. सहा हजारांवर ताण दुप्पट होईल, एवढंच ना? तर म्हणे चौपट. आणि बोल्ट तुटला की रॉड इंजिन फोडून बाहेर येतो, दार वाजवून नाही. मी हटले नाही. शेवटी 'बरं' म्हणाला.
दोन कप चहा झाला.

८ मार्च
लेकीला बोल्टचं सांगून बसले. आई, बाबांची आठवण अल्बममध्ये ठेव गं, इंजिनात कशाला, म्हणाली. तिला यंत्रातलं काय कळतं? मलाही कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी भरतकामच शिकवलं. पण त्या म्हणायच्या, घाबरलात तर पाठ ताठ ठेवा. दिवसभर ठेवली. संध्याकाळपासून उसण भरलीय.

११ मार्च
सराव. अडीच हजारांवर खालून टकटक. जीव मुठीत धरून गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. तरी टकटक चालूच. माझाच गुडघा किल्ल्यांच्या जुडग्यावर आपटत होता. गुडघ्याला सक्त ताकीद दिली आहे.

१४ मार्च, सकाळी सहा
आज सहा हजार. ठरलं म्हणजे ठरलं. मृत्युपत्र टेबलावर काढून ठेवलंय. कपाट आवरायचंच होतं.

१४ मार्च, दुपारी
काटा दोन हजारांच्या वर गेला नाही. सगळ्या गाड्या पुढे. शेवटी मागच्या ॲम्ब्युलन्सनेही हॉर्न दिला.
मेकॅनिक धावत आला, गिअर अडकला का वहिनी? मी म्हटलं, ताणलेल्या बोल्टांवर आणखी काय पळवणार? त्याने मान खाली घातली. नवेच घातलेत, म्हणाला. तुमच्या जिवाशी खेळ माझ्याच्याने झाला नाही.
एवढी संतापले की रडूच आलं. म्हटलं, निदान जुने तरी परत करा, यांच्या हातचे आहेत.
तो फारच अवघडला. म्हणाला, वहिनी, तेही मीच आवळले होते. साहेब फक्त टॉर्च धरायचे, आणि तोही डोळे मिटून.