वाटीचं वजन

शुक्रवार, संध्याकाळ

विहीणबाई पुण्याहून आल्यापासून माझ्या नातीला मी दिसतच नाही. आज नीला कासिमेडूच्या बंदरातल्या मच्छीमार बोटी पाहून आली आणि प्रश्न विचारला कोणाला, तर त्यांना! मी जन्मभर फिजिक्स शिकवलं, ते काय भिंतींना?

विहीणबाई म्हणाल्या, "बोट जेवढी मोठी, तेवढं पाणी ती बाजूला सारते, बाळा."

साफ चूक. मी काठोकाठ भरलेलं पातेलं परातीत ठेवलं आणि त्यात स्टीलची वाटी तरंगत सोडली. सांडलेलं पाणी काट्यावर तोललं. जेवढं वाटीचं वजन, तेवढंच पाण्याचं. मग वाटीत लिंबू ठेवलं. वाटी आणखी खाली गेली, आणखी पाणी सांडलं. वाटी काय मोठी झाली होती?

"आकार नव्हे, वजन!" मी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसारखी कडाडले.

"पाट्टी, तुझं बरोबर आहे," नीला मला म्हणाली; आमच्या तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. मी सुखावले, तोच ती विहीणबाईंच्या गळ्यात पडली. "आजी, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं."

म्हणजे बरोबर मी, आणि मिठी त्यांना? चुकायला हवं होतं की काय मी?

सांडलेलं पाणी मीच पुसलं. वाटीही मीच विसळून ठेवली.