भोंगा न वाजलेला गुरुवार

आकुर्डी, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८१

आज चूक झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं, जळजळीची गोळी आणि रक्तातली चरबी कमी करायची गोळी एकत्र नको, मध्ये दोन तास हवेत. चरबीची मी कंपनीच्या तीनच्या भोंग्याला घेतो. आज भोंगा वाजेचना. जळजळ वाढली म्हणून ती गोळी चघळली, आणि भोंगा ऐकायचा राहिला असेल म्हणून लगेच दुसरीही गिळली.

शेजारच्या सुमनबाईंना जाऊन सांगितलं, तर त्या हसल्या. “अहो बाबा, आज गुरुवार! कंपनीला सुट्टी, भोंगा वाजवणार कोण?”

आमची ही होती तेव्हा वार तीच सांगायची.

“आता काही होईल का हो?”

“आज आणखी गोळी घेऊ नका. सकाळी डॉक्टरांना विचारा.”

एवढं मलाही कळत होतं. तरी तासाभराने पुन्हा त्यांचं दार वाजवलं आणि तेच विचारलं.