तीन नंबरची खुर्ची

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा वाकून नमस्कार. (हा नमस्कार फोनवरच केला असता, पण गेले सहा आठवडे तुमचा फोन पूर्ण वाजतो आणि मग एक बाई सांगते की समोरची व्यक्ती उत्तर देत नाही. तिने सांगायची गरज नाही, समोरची व्यक्ती मी लहानपणापासून ओळखतो.) तब्येत कशी आहे? खोकला कमी आहे असं मामी म्हणते, पण ती हे सांगत असताना मागून खोकला ऐकू येतो. आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण हल्ली ती गुडघ्याची तक्रार सोडून आपल्या दोघांची करते. भाऊ आणि मुलगा एकमेकांशी बोलत नसतील तर मधल्या बाईने भिंतींशी बोलायचं का, असं मला रोज विचारते. मी ठणठणीत. वजन वाढलंय, केस कमी झालेत, बाकी ठीक.

पत्राचं कारण शेवटी सांगतो. बाबा म्हणायचे, लॉगबुकात आधी दाब, तापमान, पाण्याची पातळी लिहायची आणि मग घोटाळा. दाब-तापमान वर झालं. आता घोटाळा.

आमचं संशोधन बाहेरून बघणाऱ्याला अगदी साधं वाटतं. एक खोली, चार माणसं, कॉम्प्युटरचे आठ पडदे आणि चहाचं एक मशीन, जे तीन वर्षं बंद आहे (विजेवर संशोधन करणाऱ्या संस्थेत हे मशीन का बंद आहे यावर मात्र कुणीही संशोधन करत नाही). कॉम्प्युटरमध्ये आम्ही अख्ख्या वीजव्यवस्थेचं मॉडेल मांडलं आहे. सगळी वीजकेंद्रं, सगळ्या तारा, कुठे किती ऊन, कुठे किती वारा, लोक किती वाजता पंखे लावतात, सगळं. मग त्याला विचारायचं, की बाबा रे, वीस वर्षांत धूर कमी करायचाय, तर कोळशाचं कुठलं युनिट कधी बंद करू, कुणाच्याही घरात अंधार न होता? तो विचार करतो आणि यादी देतो. तर गेल्या वर्षी या यादीत एकेक करून सगळी युनिटं बंद होत होती, फक्त तुमचं तीन नंबर होत नव्हतं. छत्तीस वर्षांचं जुनं, सुरू व्हायलाच दहा तास घेणारं, सर्वांत जास्त धूर सोडणारं तीन नंबर वीस वर्षांनंतरही मजेत चालू.

आमचे मुख्याध्यापक (संस्थेचे प्रमुख. हजेरी घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून हे नाव) चक्रावून गेले. शेजारच्या टेबलावर हवामानवाली बसते, म्हणजे ऊन-वाऱ्याचे अंदाज बांधणारी. तिने चिडून मॉडेलमध्ये इतका वारा सोडला की खऱ्या आयुष्यात पत्रे उडाले असते. तीन नंबर चालू. आम्ही गावोगाव बॅटऱ्या मांडल्या. तीन नंबर चालू. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले की कदाचित या युनिटात खरंच काहीतरी विशेष असेल, आणि यावर एक शोधनिबंध लिहायला घेतला. त्याची सात पानं झाली होती, मामा. माझीही छाती फुगली होती. म्हटलं, बघा, आधी बाबांनी आणि आता तुम्ही सांभाळलेलं, आमच्या घरचं युनिट.

तीन आठवड्यांनी चूक सापडली आणि ती माझी निघाली. प्रत्येक युनिटापुढे एक रकाना असतो, गरज असो-नसो हे चालूच ठेवायचं का? हो असेल तर एक, नाही तर शून्य. सगळीकडे शून्य होतं. तीन नंबरपुढे एक होता, आणि तो मी टाकला होता. तारीख बघितली तेव्हा आठवलं. तेव्हा बाबा हॉस्पिटलात होते आणि मी त्यांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन आकडे भरत होतो. त्यांना विचारलं, बाबा, गरज नसेल तेव्हा तीन नंबर बंद ठेवता येतं का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याबद्दलच विचारतोय. म्हणाले, बंद कशाला करायचं? एवढंच. माझ्या हाताने एक टाकला गेला. शिकलासवरलेला माणूस, दोन पदव्या, पण वडिलांनी सांगितलं की लिहून मोकळा.

मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मुख्याध्यापकांनी सात पानं फाडली (छापलेली. मूळ कॉम्प्युटरमध्ये आहेत, ती त्यांच्याने फाडवत नाहीत). मी एकाचं शून्य केलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं. तीन नंबर यादीत सर्वांत वर आलं. वीस वर्षांनी नाही, पाच-दहा वर्षांनी नाही, आत्ताच. मी आठ वेळा तपासलं. कुठेतरी माझी चूक निघावी म्हणून इतक्या मनापासून मी आयुष्यात कधी प्रयत्न केला नव्हता. निघाली नाही. आकडे बरोबर आहेत मामा, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. वीजकेंद्राच्या वसाहतीत आई दोरीवरचे कपडे राख झाडायला दोनदा झटकून घरात आणायची ते मला आठवतं. तुमचा खोकला मला ऐकू येतो. हे युनिट बंद व्हायला हवं असं मला वाटतं, आणि ते लिहिताना माझा हात जड झाला होता. दोन्ही खरं आहे. त्या यादीचा रिपोर्ट निघाला, त्यावर माझं नाव होतं आणि ते तुम्ही पेपरात वाचलंत. आधी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. घाबरलो. दुसरं काही कारण नाही.

मग युनिट बंद करण्यासाठी नेमलेल्या समितीबरोबर मी तुमच्या कंट्रोल रूममध्ये आलो, तो प्रसंग तुम्हाला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने सांगतो. गेटवर मला दिलेलं हेल्मेट दोन डोकी मावतील एवढं होतं. मान हलवली की मान हलायची, हेल्मेट जागेवर राहायचं. त्यामुळे आत शिरताना मला फक्त लोकांचे बूट दिसत होते, आणि बुटांवरूनच मी तुम्हाला ओळखलं. मला वाटलं तुम्ही म्हणाल, गाढवा, हेल्मेटचा पट्टा आवळ. तुम्ही म्हणालात, साहेब, जरा बाजूला व्हा, मीटरच्या काट्यांवर तुमची सावली पडतेय. साहेब! ज्या माणसाने मला सायकल शिकवताना नाल्यात पाडलं आणि वर पुन्हा मलाच ओरडला, तो मला अहो-जाहो करत होता. फोटो काढायच्या वेळी अध्यक्षांनी तुम्हाला उठायला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, रिलीव्हर आल्याशिवाय उठता येत नाही. मग तो फोटो निघाला. मागे आम्ही अकरा जण उभे आणि पुढे तुम्ही एकटे बसलेले, चेहरा काट्यांकडे. फोटोत मी ओळखू येत नाही, नुसतं हेल्मेट आहे.

अध्यक्षांना तो उद्धटपणा वाटला. त्यांना काय माहीत? तीन नंबरची खुर्ची छत्तीस वर्षांत एक मिनिट रिकामी राहिलेली नाही, युनिट दुरुस्तीला बंद असतानासुद्धा नाही. येणाऱ्याने दहा मिनिटं आधी यायचं, जाणाऱ्याने म्हणायचं, 'तीन नंबर सुखरूप', येणाऱ्याने म्हणायचं, 'घेतलं', आणि मगच उठायचं. बाबांनी ही सवय निवृत्तीनंतरही सोडली नाही. दाताच्या डॉक्टरकडे ते खुर्चीतून उठेनात, पुढचा पेशंट समोर येऊन उभा राहीपर्यंत. आई शरमेने बाहेर निघून गेली होती. आम्ही हसायचो.

बाबांच्या त्या शेवटच्या सकाळी मी हॉस्पिटलात औषधं आणायला खाली गेलो होतो आणि पलंगाशेजारी तुम्ही होतात. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं आणि तुम्ही काय म्हणालात हे मला नर्सने नंतर सांगितलं. तिला वाटलं ताप डोक्यात गेलाय, काहीतरी नंबर सांगतायत. मी तिला काही समजावलं नाही. तुम्ही 'घेतलं' म्हणालात म्हणून ते जाऊ शकले, असं मला वाटतं. त्याबद्दल तुमचे आभार मानायचेही राहून गेले. आज मानतो.

मामीला नमस्कार. आईने तुमच्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेतली आहे, छाती शेकायला.

तुमचाच,
भाचा (साहेब नव्हे)

ता. क. एकाचं शून्य केलं असं वर लिहिलंय, ते ऑफिसच्या मॉडेलमध्ये. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर एक तसाच आहे. तिथे तीन नंबर वीस वर्षं चालू राहतं. कधीकधी रविवारी मी ते नुसतं चालवून बघतो. हे मुख्याध्यापकांना कळवू नये.

ता. क. दुसरा. आता कारण. तीस तारखेला दुपारी दोन वाजता, तुमच्या शिफ्टच्या अखेरीला, तीन नंबर कायमचं बंद होणार. नोटिशीत दुपारच्या शिफ्टला कुणाचंच नाव नाही. ते वाचून तुम्ही मामीला विचारलंत म्हणे, मग मी उठायचं कधी? मामीने आईला सांगितलं, आईने मला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. मी परवानगी काढली आहे. दोनला दहा कमी असताना येईन, माझ्या मापाचं हेल्मेट घालून. तुम्ही माझ्याशी बोलू नका हवं तर, फक्त जे म्हणायचं असतं तेवढं म्हणा. मी 'घेतलं' म्हणेन आणि बसेन. मग तुम्ही उठा, मामा.