साहेबांचा घसा

रविवार, २ तारीख. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. कलाकारानं स्वतःची नोंद ठेवायलाच हवी, दुसरं कोण ठेवणार? बसस्टँडवर अनाउन्समेंट करणारा म्हणून लोक ओळखतात, ते पोटापुरतं ठीक आहे. खरी ओळख मिमिक्री. साहेबांचा आवाज माझ्याइतका हुबेहूब कुणालाच जमत नाही. सध्या खुद्द साहेबांनाही नाही, कारण त्यांचा घसा बसलाय. म्हणून तर काल त्यांचा प्रचारवाला घरी आला होता. घरोघरी फोन जाणार, त्यावर साहेब बोलणार, पण घसा माझा. अगदी गुप्त. फक्त हिला सांगितलं. आणि आईला. शेजाऱ्यांनाही सांगितलं, पण शपथ घालून.
अर्धे लोक साहेबांना देव मानतात, अर्धे राक्षस. मी न्यूट्रल. कलाकाराला मत नसतं.

बुधवार, ५.
पहिलं रेकॉर्डिंग झकास. स्क्रिप्टमध्ये एक वाक्य होतं, संपावर गेलेल्या नर्सेस देशाच्या गद्दार आहेत. जरा अडखळलो. आमची लेक चिमणी नर्स आहे, आणि संपावर आहे. पण प्रोफेशनल माणूस अडखळला तरी लोकांना वाटतं, दम घेतला. टेक ओके.
चिमणीला आवाज ओळखू येणार नाही.

गुरुवार, ६.
ओळखला. हॉस्पिटलच्या फाटकाशी सगळ्याजणी धरणं धरून बसल्या होत्या, एकेकीचा फोन वाजत गेला आणि प्रत्येकीच्या कानात मी. चिमणीनं हिला फोन करून सांगितलं, वाक्याआधी दम घेतला तो बाबांनी. साहेब असलं बोलताना दम घेत नाहीत. माझ्याशी बोलली नाही.
मी हिला म्हणालो, शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, त्यात माझं काय आहे? ही म्हणाली, तेच ती विचारतेय.
दोन दिवसांत राग उतरेल. बापाची लाडकी आहे.

गुरुवार, १३.
राग उतरायला जरा वेळ लागतोय.
दरम्यान, समोरच्या पार्टीचा प्रचारवाला येऊन गेला. त्यांनाही साहेबच हवेत, पण खलनायक. स्क्रिप्ट वाचली तर जवळजवळ तीच. फक्त शेवटी हसायचं. हो म्हटलं. आता माझ्या न्यूट्रलपणावर कुणाची बोट ठेवायची टाप नाही. हे चिमणीला आवर्जून कळव, असं हिला सांगितलं. हिनं कपाळावर हात मारला.

सोमवार, १७.
संध्याकाळी भाजी घेऊन जिना चढत होतो. पहिल्या मजल्यावर डावीकडच्या दाराआडून मी बोलत होतो आणि आत कुणीतरी भारावून म्हणत होतं, असा माणूस पुन्हा होणे नाही. उजवीकडच्या दाराआडूनही मीच बोलत होतो. शेवटी हसलोसुद्धा. आत शिव्यांची लाखोली. मी मधे पिशवी धरून उभा. एकाही दारामागे मी नव्हतो, आणि दोन्हीकडे होतो.
घाबरलो. लिहायला लाज वाटते, पण घाबरलो. उरलेले जिने पळत चढलो. तेवढाच व्यायाम.

गुरुवार, २०.
जेवताना मीठ मागितलं. ही म्हणाली, जेवताना सभा नको.
आईला आताशा दिसत नाही. तिनं हळूच हिला विचारलं, पाहुणे कोण आलेत, आणि राहणार आहेत का? मी म्हटलं, अगं आई, मीच. ती बरं म्हणाली आणि सावरून बसली. आई माझ्यासमोर कधी सावरून बसत नाही.
निश्चय: उद्यापासून साहेब बंद. गुळण्या सुरू.

शुक्रवार, २१.
चार नंबरला लागलेल्या गाडीची अनाउन्समेंट केली. साहेबांच्याच आवाजात झाली. गाडीत बसलेले निम्मे लोक तावातावानं उतरले. ज्यांना त्या गावाला जायचंच नव्हतं असे तेवढेच चढले. दारात मारामारी. मॅनेजरनी मला घरी बसायला सांगितलं. केव्हापर्यंत ते मी विचारलं नाही. विश्रांतीची गरज होतीच.

मंगळवार, २५.
कडक मौन. खूप फरक आहे. गप्प असताना आवाज अगदी माझा वाटतो.

रविवार, ३०. सकाळ.
हिनं मध्यस्थी केली. चिमणी दुपारी माझा फोन घेणार. अट एकच, बाबांनी स्वतःच्या आवाजात सांगायचं की ती गद्दार नाही. म्हणजे मत द्यावं लागणार. मुलीसाठी एवढं केलं तर कला काही बाटत नाही. तालीम मुद्दाम केली नाही. मनापासून बोलायचं असलं की आवाज आपोआप येतो.

रविवार, ३०. दुपार.
तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मी दम न घेता म्हणालो, चिमणे, तू गद्दार नाहीस.
ती म्हणाली, माझं हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हणालो, अगं, मीच ठेवलं. ती एकदम अहोजाहो करत, रडवेली होऊन बोलायला लागली. हा माझ्या बाबांचा फोन आहे, तुम्ही त्यांच्या घरात काय करताय? माझं भांडण तुमच्याशी आहे, त्यांच्याशी नाही, साधे आहेत हो ते. त्यांना काही करू नका. त्यांना फोन द्या.
मी म्हणालो, एक मिनिट, देतो.
आणि फोन हातात धरून सगळ्या खोल्या बघून आलो.