सुनंदाचं दूध

मंगळवार, संध्याकाळ

माझी मुलगी आठव्या महिन्यातच झाली. पोट फुगलं म्हणून तिचं दूध बंद होतं. काल डॉक्टर म्हणाले, "आता सुरू करू, पण पावडरचं नको. एवढ्या कोवळ्या आतड्यांना आईचंच दूध सोसतं." मला चमचाभरही येत नाही. शेजारच्या खाटेवरच्या सुनंदाची वाटी मात्र काठोकाठ भरते. तिचा मुलगाही अपुऱ्या दिवसांचाच, तरी सुखरूप. माझा जीव नुसता जळतो. तिनेच विचारलं, "ताई, माझं देऊ का?" नाही म्हणणार होते, पण पोरीकडे बघून मान हलवली. सिस्टरनी ते तपासून घेतलं आणि आज नळीने थेंब थेंब दिलं. संध्याकाळपर्यंत पोट मऊच राहिलं. मी रडले. सुनंदा हसून जवळ आली, तर मी पाठ फिरवून झोपल्याचं सोंग केलं.